कलेच्या घरचा पंक्तिप्रपंच

जेवणाच्या पंगतीत एकाच्या पानावर तुपाची धार आणि शेजारच्या पानावर नुसता कोरडा भात वाढला, तर त्यास आपण पंक्तिप्रपंच म्हणतो, आणि असे करणाऱ्या यजमानाची चारचौघांत छीथू होते. कलेच्या घरी मात्र हा पंक्तिप्रपंच राजरोस चालू आहे, आणि त्याची खंत कोणास वाटत असल्याचे दिसत नाही. चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगलेले तैलचित्र ही 'कला', तिचा कर्ता 'कलावंत'. त्याच घराच्या भिंतीवर काढलेला चौक, उंबऱ्यापुढची रांगोळी, बुरडाने विणलेली परडी, लुगड्याच्या काठावरची कोयरी ही मात्र 'सजावट', आणि ती करणारा फार तर 'कारागीर'. पहिल्यास मानपत्र आणि दुसऱ्यास मजुरी. पहिल्याचे नाव कोपऱ्यात ठळक, आणि दुसऱ्याचे नाव विचारण्याचेही कोणाला सुचत नाही. हा भेद शास्त्रशुद्ध नाही, न्यायाचा नाही आणि आपल्या परंपरेचाही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते का, हेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

हा विवाद केवळ पंडितांचा आहे असे कोणी समजू नये. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत जो कोणी डोळे उघडे ठेवून हिंडेल त्याला गृहसंस्थांच्या कुंपणांवर, शाळांच्या आवारांत, उपाहारगृहांच्या भिंतींवर गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनी काढलेली माणसे नाचताना दिसतील. दोन त्रिकोण टोकाशी टोक लावून जोडावे, वर एक वाटोळे डोके ठेवावे, चार काटक्या हातापायांच्या म्हणून ओढाव्या, की झाली 'वारली'! चहाच्या पेल्यावर वारली, ओढणीवर वारली, लग्नपत्रिकेवर वारली. या चित्रांखाली नाव असलेच तर ते रंगाचा खर्च देणाऱ्या मंडळाचे किंवा उमेदवाराचे असते. ज्यांच्या घरची ही लिपी, ते वारली बांधव ठाणे शहराच्या हद्दीतच येऊरच्या डोंगरावरील पाड्यांत आजही राहतात. त्यांच्यापैकी किती जणांना या भिंती रंगविण्यास सन्मानाने बोलावणे गेले, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित वाचकांनी आपापल्या गृहसंस्थेच्या पुढच्या सभेत अवश्य विचारावा.

प्रथम या भेदाचे मूळ पाहू. आपल्या जुन्या भाषेत 'शिल्प' हा शब्द मूर्तीलाही लागे आणि माडीच्या खांबावरील वेलबुट्टीलाही लागे. अजिंठ्याच्या लेण्यांत बोधिसत्त्व रंगविले गेले ते ज्या लेण्यांत, त्यांच्याच छतांवर कमळे, हंस, फळे आणि वेली यांची नक्षी भरलेली आहे. आणि दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील छत पाहणाऱ्याला ही नक्षी भिंतीवरील चित्रांहून हलक्या हाताची आहे असे म्हणण्याचे धाडस होणार नाही. हाताची ही एकी आम्ही तोडली, ती विलायती शिक्षणाच्या नादाने. त्यातही मौज अशी की, ज्या संस्थेकडे या शिक्षणाचे माहेरघर म्हणून बोट दाखविले जाते, ती मुंबईची सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली ती मुळी देशी कारागिरीची सुधारणा व्हावी या हेतूने! कवी रडयार्ड किपलिंग यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली तेथे शिकवावयास आले. विणकर, कुंभार, लाकडावर कोरीव काम करणारे सुतार यांची कामात गढलेली चित्रे त्यांनी मोठ्या आस्थेने काढली. जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी तेथे मातीच्या भांड्यांचा उद्योग उभा केला, आणि १८९१ साली लॉर्ड रे यांच्या नावाने कारागिरीच्या कार्यशाळाही उघडल्या. परंतु कालांतराने प्रतिष्ठा गेली ती चौकटीतल्या चित्राकडे. १९३५ साली जाहिरातीच्या कलेचा विभाग निराळा निघाला. तिजोरीची वाटणी व्हावी तशी कलेची वाटणी झाली, आणि वाटणीत मान थोरल्या भावाच्या हिश्शाला गेला.

या वाटणीविरुद्ध ज्यांनी लेख लिहिले असे पुष्कळ झाले. ज्यांनी आपले आयुष्य ओतले असे थोडे. त्या थोड्यांत कै. भास्कर कुलकर्णी यांचे नाव आम्ही अग्रभागी ठेवतो. महाराष्ट्रातील सामान्य वाचकाला हे नाव ठाऊक नसेल, आणि नसणे हाच आमच्या म्हणण्याचा पहिला पुरावा आहे. एखाद्या दुय्यम दर्जाच्या व्यक्तिचित्रकाराचेही चरित्र आम्ही हौसेने वाचतो. परंतु ज्या मराठी चित्रकाराच्या पायपिटीमुळे भारतातील दोन लोककला झोपडीतून जगाच्या चव्हाट्यावर आल्या, त्याचे नाव शाळेच्या एकाही पोराला सांगता येऊ नये, ही गोष्ट लाजिरवाणी नव्हे काय?

कुलकर्णी यांची हकीकत थोडक्यात अशी. १९६६-६७ साली बिहारात मोठा दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या कामात त्या काळी पुपुल जयकर यांचा मोठा वाटा होता. मधुबनीच्या भागातील स्त्रिया लग्नाच्या कोहबरात आणि अंगणाच्या भिंतींवर चित्रे काढतात, हे जाणत्यांस ठाऊक होते; १९३४ च्या भूकंपानंतर पडक्या घरांच्या भिंतींवर ती चित्रे डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली होती, आणि १९४९ साली 'मार्ग' या नियतकालिकात त्याने त्यांवर लेखही लिहिला होता. परंतु लेखाने कोणाच्या चुलीवर भात शिजत नाही. जयकर यांनी कुलकर्णी यांना तेथे धाडले ते कागद देऊन. भिंतीवर जे काढता तेच कागदावर काढा, आम्ही ते विकत घेऊ, असे त्यांनी स्त्रियांस सांगावयाचे होते. परका पुरुष, परकी भाषा, पडद्यातील बायका. अशा ठिकाणी हुकूम चालत नाही, ओळख चालते. कुलकर्णी त्या गावांतून राहिले, हिंडले, आणि एकेकीचा हात ओळखू लागले. सर्व चित्रे 'मधुबनीची' एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते; ही अमकीची आणि ही तमकीची, हा विवेक त्यांच्यापाशी होता. जितवारपूरच्या जगदंबा देवींना १९७५ साली आणि सीता देवींना १९८१ साली पद्मश्री मिळाली. ज्या हातांना कालपर्यंत कोणी नावही विचारीत नव्हते, त्यांच्यापुढे राष्ट्राने मान लवविली.

बिहारातून आलेला हा मनुष्य सत्तरीच्या दशकाच्या आरंभी आमच्या दारी आला. आमच्या दारी म्हणजे ठाणे जिल्ह्यात. कारण डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत ठाण्यातच मोडत होते. कारवीच्या कुडाला शेणमातीने सारवून, गेरूने लिंपून त्यावर तांदळाच्या पिठाने चित्रे काढण्याची वारल्यांची रीत त्यांनी पाहिली. लग्नात सवाशिणी चौक लिहितात. 'लिहितात' हा त्यांचाच शब्द, 'काढतात' नव्हे. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते, आणि देवीचा चौक पुरा झाल्यावाचून लग्न लागत नाही. बांबूची काडी टोकाशी ठेचून केलेली कुंचली आणि एक पांढरा रंग, एवढीच काय ती सामग्री. आमच्या कलाशाळांतून ज्याला 'साधनसंकोच' असे भारदस्त नाव देऊन शिकविले जाते, ते या बायकांना जन्मतःच अवगत होते.

याच मुलखात गंजाड गावच्या कळंबीपाड्यावर कुलकर्णी यांना जिव्या सोमा मशे भेटले. मशे यांचा जन्म १९३४ सालचा. सातव्या वर्षी आई गेली तेव्हा मुलाची वाचाच बसली, आणि पुढे कित्येक वर्षे तो धुळीत रेघोट्या ओढून मनातले सांगत असे. स्त्रियांच्या हातची ही विद्या अशा रीतीने एका पोरक्या मुलाच्या बोटांत उतरली, आणि लग्नाच्या चौकापुरती न राहता तिने सारे जग कवेत घेतले. भाताची कापणी, तारप्याभोवती फिरणारा नाच, वारुळातील मुंग्या आणि पाण्यावर पडलेले कोळ्याचे जाळे असे विषय त्यांनी हाती घेतले. मशे यांचे जाळे ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ते विसरता येणार नाही. केसासारख्या बारीक रेषांच्या सहस्रावधी टाक्यांनी कापडभर पसरलेले ते जाळे स्थिर असूनही हालते. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००३ साली जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या नामांकित इंग्रज कलावंताच्या बरोबरीने त्यांच्या कृती मांडल्या गेल्या. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते निवर्तले. या प्रवासाची पहिली पायरी एका मराठी चित्रकाराने रचली होती. आणि रचून झाल्यावर त्या पायरीवर आपले नाव कोरण्याच्या फंदात तो पडला नाही.

आता आमच्या विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आक्षेप असा की, सजावटीच्या कलेत नवनिर्मिती नसते. तेच तेच आकार पिढ्यान् पिढ्या गिरविले जातात, म्हणून ती दुय्यम. हा आक्षेप ऐकून आम्हांस हसू येते. राग यमन शतकानुशतके तोच आहे. म्हणून त्याचा प्रत्येक गायक नक्कल करणारा ठरतो काय? ओवीचा छंद ठरलेला आहे. म्हणून ज्ञानेश्वर आणि जात्यावरची आजी या दोघांनाही नवे काही सुचले नाही असे म्हणावयाचे काय? नियम ठरलेला असला म्हणजेच हाताचे स्वातंत्र्य पारखता येते. डोंबिवलीत गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी रस्तोरस्ती ज्या भव्य रांगोळ्या घातल्या जातात, त्या जवळून पाहाव्या. ठिपके आणि वळणे तीच. परंतु एकीची रेघ एका दमात सुटते आणि दुसरीची जागोजाग अडखळते. हा फरक ओळखणाऱ्या शेकडो मावश्या आणि काकू त्या रस्त्यावर उभ्या असतात. त्यांना कोणी कलासमीक्षक म्हणत नाही, इतकेच. रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते म्हणून ती क्षुद्र असेल, तर गवयाची तान क्षणार्धात विरते, तिचे काय करावयाचे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आमचे काही स्नेहीच घेतात. ते म्हणतात, 'कुलकर्णी यांनी कलेवर उपकार केले नाहीत, अपकार केले. भिंतीवरचा चौक हा विधी होता. तो कागदावर येताच बाजाराची वस्तू झाला. सवाशिणींचे लेणे पुरुषांनी पळविले.' या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, आणि तो आम्ही नाकारीत नाही. मशे यांच्यामागून कागदावर चित्रे काढणाऱ्यांत पुरुष पुढे आले, ही गोष्ट खरी; चौक लिहिणाऱ्या स्त्रियांना त्या प्रमाणात नाव आणि पैसा मिळाला नाही, हेही खरे. परंतु यावरून कागद नेणेच चूक होते असा निष्कर्ष काढणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढणे होय. कागद आला म्हणून लग्नातला चौक बंद पडला असे नाही; कुडाच्या जागी सिमेंटच्या भिंती आल्या, जंगल तुटले, पोटासाठी माणसे शहरात आली, या कारणांनी पाड्यावरच्या भिंती कमी झाल्या. कागद नसता, तर हाताला काम आणि विद्येला साक्षीदार दोन्ही राहिले नसते. शिवाय 'विधीचे पावित्र्य राखा' असा उपदेश भरल्या पोटी दुष्काळातल्या बाईला करणे, हे आम्हांस तरी शोभत नाही. पावित्र्याची एवढी काळजी असलेल्या मंडळींनी त्याच पालघटेचे चित्र छापलेली पिशवी भाजीला नेऊ नये.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रचलित आणि आमच्या मते सर्वांत निंद्य. 'लोककला ही लोकांची, म्हणजे सर्वांची. मग आम्ही ती काढली तर बिघडले कोठे?' सर्वांची वस्तू ती कोणाचीच नव्हे, आणि कोणाचीच नव्हे ती आपली, असा हा सोयीचा न्याय आहे. मराठीत याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. कायद्यानेही आता हा न्याय सर्वस्वी मानलेला नाही. वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशांत नोंदणी झाली आहे. म्हणजे हे नाव अमुक मुलखातील अमुक परंपरेचे, असे सरकारदप्तरी मान्य झाले आहे. शिकण्यास आमचा विरोध नाही. शाळेतल्या मुलाने वहीत वारली माणूस काढला तर त्याचे आम्ही कौतुकच करू. परंतु शिकणे निराळे आणि पाट्या टाकून पैसा करणे निराळे. मूल गुरूचे नाव सांगते. धंदेवाला ते लपवितो.

येथे कल्याणच्या वाचकांस एका जुन्या गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. १९४५ च्या जानेवारीत त्यांच्याच तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली होती. उंबरगाव-डहाणूकडील वारली त्या परिषदेस आले होते. सावकार-जमीनदारांच्या शेतावर फुकट राबावे लागे, त्या वेठबिगारीचे गाऱ्हाणे त्यांनी तेथे मांडले. आणि तेथून परतल्यावर त्यांचा जो लढा उभा राहिला त्याची कहाणी गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात सांगितली आहे. त्या लढ्याने शेतावरची वेठ मोडली. आज आम्ही सुशिक्षित लोक जे करीत आहो, ते रेषेवरची वेठ होय. वारल्याचा हात फुकट राबवून घ्यावयाचा, पीक आपण न्यावयाचे, आणि वर 'तुमच्या कलेचा आम्ही प्रसार करतो' असे उपकाराच्या स्वरात सांगावयाचे. जमीनदार निदान उपकाराची भाषा तरी बोलत नव्हता!

केवळ टीका करून थांबणे आम्हांस मान्य नाही. कुलकर्णी यांच्या रीतीचे सार काढले तर तीन गोष्टी हाती लागतात. कारागिराच्या दारी आपण जाणे, ही पहिली. त्याच्या कामाचा मोल ठरवून दाम हातावर ठेवणे, ही दुसरी. आणि त्याचे नाव ओळखणे व सांगणे, ही तिसरी. या तिन्ही गोष्टी करावयास कुलकर्णी यांच्याइतका त्याग लागत नाही. थोडी लाज पुरे. २०१३ पासून डहाणूपर्यंत उपनगरी गाडी जाते, आणि येऊर तर ठाण्याच्या उशाशीच आहे. गृहसंस्थेला भिंत सजवावयाची असेल तर ती वारली चित्रकारालाच सजवू द्यावी, तीही शक्यतो स्त्रीला. तिने काय काढावे हे तिच्यावर सोपवावे, आणि भिंतीच्या कोपऱ्यात तिचे व तिच्या पाड्याचे नाव लिहावे. महानगरपालिका भिंती रंगविण्याचा मक्ता देतात, तेव्हा रंग किती डबे लागले याचा हिशेब ठेवतात. हात कोणाचा लागला याचीही नोंद त्यांनी ठेवावी.

दुसरी गोष्ट शाळांची. सरकारी रेखाकला परीक्षांना आमच्या घरचीच हजारो मुले बसतात. तेथे संकल्पचित्र म्हणून नक्षीचा विषय असतो, आणि मुले तो पाठ केलेल्या पाना-फुलांनी भरून गुण मिळवितात. या मुलांना वर्षातून एकदा कल्याणच्या कुंभाराच्या चाकापाशी, एखाद्या बुरडाच्या ओट्यापाशी, येऊरच्या पाड्यावर नेले, तर वर्गात न सुटलेले कोडे त्यांना अर्ध्या तासात सुटेल: नक्षी ही वस्तूवर चिकटविलेली शोभा नसून वस्तू घडता घडता तिच्यातूनच उमलते. परडीच्या विणीत जी चौकट दिसते ती बुरडाने मागाहून काढलेली नसते. कामट्यांच्या जाण्यायेण्याने ती आपोआप उमटते. हे ज्याला कळले त्याला 'कला' आणि 'सजावट' यांमधली भिंत कागदाची आहे, हेही कळेल.

आणि तिसरी गोष्ट आमच्या घरांची. मुलगा चित्रे काढतो असे कळले की बाप विचारतो, 'पुढे काय, पाट्याच रंगविणार ना?' या एका प्रश्नात आमचा सारा पंक्तिप्रपंच साठविलेला आहे. पाट्या रंगविणे, मखर करणे, लुगड्याचा काठ आखणे, तोरण गुंफणे यांत कमीपणा कोणता, हे त्या बापाने एकदा सांगावे. गणपतीच्या मखराकरिता वर्गणी द्यावयास तो एका पायावर तयार असतो. मखर करणाऱ्याला जावई करून घ्यावयास मात्र नाही. ज्या हातांनी आपले सण सुंदर होतात त्या हातांना आपल्या ओसरीवर बसवावयाची आपली तयारी नसेल, तर कलेच्या प्रेमाच्या गोष्टी आपण बोलू नयेत.

भास्कर कुलकर्णी यांनी आपल्या हाताने किती चित्रे काढली, याची मोजदाद कलेच्या इतिहासकारांनी खुशाल करावी. आमच्या लेखी त्यांचे मोठेपण त्यांनी दुसऱ्यांच्या हाती दिलेल्या कोऱ्या कागदांत आहे. पंगतीत खालच्या ओळीला बसविलेल्या माणसांना त्यांनी हाताला धरून वर आणले आणि आपण वाढप्याचे काम केले. त्यांचे स्मारक करावयाचेच असेल, तर चौकात पुतळा नको. ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्या ज्या भिंतीवर आज वारली माणसे निनावी नाचत आहेत, तेथे तेथे लिहिणारीचे नाव लिहिले जावे. त्याला खर्च येईल तो तांदळाच्या मूठभर पिठाचा. आणि तेवढेही ज्यांच्याने होणार नाही, त्यांनी आपली भिंत पांढरी ठेवावी हे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.